एकोणसाठ किलो नऊशे

आमच्या घराण्यात वजनकाट्यावर विश्वास ठेवणारं माणूस अजून जन्माला यायचं आहे. चार पिढ्या आम्ही मीठ पिकवलं आणि चार पिढ्या व्यापाऱ्यांच्या काट्यांनी ते कमी भरवलं. काट्याखाली चुंबक, काट्यावर हळूच टेकवलेला पाय, दांडीला चिकटवलेलं मेण, सगळं बघून झालंय. माझे आजोबा एकदा खात्री करायला स्वतःच पोत्यात शिरून तराजूत बसले. व्यापारी म्हणाला, अकरा किलो. आजोबा पोत्यातून ओरडले, "अरे, माझं नुसतं डोकंच तेवढं हाय!" मी ही गोष्ट ऐकली तेव्हा आकडा नऊ होता. पण नऊवर कोण विश्वास ठेवील, म्हणून मी अकरा सांगते.

हे आधी सांगितलं, कारण पुढे जे झालं ते याच रक्तामुळे झालं.

मी पियानो वाजवते आणि वजन उचलते. पियानो हौसेचा नाही, परीक्षा देऊन वाजवायचा. आणि वजन म्हणजे स्पर्धेतलं, तीन पंचांसमोर डोक्यावर न्यायचं. दोन्ही एका बाईला कसं जमतं असं लोक विचारतात, आणि विचारताना माझ्या हातांकडे असे बघतात जणू त्यातला एक मी कुणाचा तरी उचलून आणलाय.

पियानो किहीमला भेटला. तिथल्या एका बंगल्यात माझी आई स्वयंपाकाला होती. बंगल्याच्या मालकीणबाईंनी मुंबईच्या शाळेत जन्मभर पाश्चात्त्य संगीत शिकवलेलं. निवृत्त झाल्यावर त्या पियानो घेऊन इकडे आल्या. मांडव्याच्या जेट्टीवर तो पियानो उतरवला तेव्हा बोट हातभर वर आली आणि खलाशी पाण्यात पडले, असं आमच्याकडे सांगतात. मी आठ वर्षांची होते. आई भाकऱ्या थापत होती, मी दिवाणखान्यात जाऊन पिठाच्या बोटाने एक पट्टी दाबली. आतून बाईंचा आवाज आला, "परत दाब." तेव्हापासून चौदा वर्षं मी ती दाबत होते.

लोखंड सोळाव्या वर्षी भेटलं. आमच्या मिठागराचे बरेच वाफे तोवर गेले होते आणि वडिलांनी, म्हणजे आबांनी, ट्रक घेतला होता. मी एकदा ट्रकवर मिठाची गोणी चढवत होते, तेव्हा रस्त्याने जाणारा एक माणूस मोटारसायकल थांबवून बघत राहिला. आबांना वाटलं, पोरीकडे बघतोय. ते पाना घेऊन उतरले. तो म्हणाला, "काका, मी तिच्या पाठीकडे बघतोय." यावर तर आबांनी पाना वरच उचलला. शेवटी कळलं की तो वेटलिफ्टिंगचा कोच आहे, बंद पडलेल्या भातगिरणीत व्यायामशाळा चालवतो, आणि एवढी सरळ पाठ त्याने जिल्ह्यात बघितली नव्हती. त्यांना मी सर म्हणते.

सर आणि बाई एकमेकांना कधी भेटले नव्हते, पण सख्ख्या वैऱ्यांसारखे होते. निरोप्या मी.

"त्या गिरणीवाल्याला सांग, मनगट ही देव एकदाच देतो अशी वस्तू आहे."

"तुझ्या बाईंना म्हण, बसून वाजवायचंय ना? मग पायांचं त्यांना काय?"

गंमत म्हणजे दोघं शिकवायचे तेच. बाई म्हणायच्या, ढकलू नकोस, हाताचं वजन पट्टीत सोड. सर म्हणायचे, ढकलू नको, दांड्याखाली शीर. हे मी दोघांनाही कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर दोघांनीही शिकवायची पद्धत बदलली असती.

एका बाबतीत मात्र त्यांचं कधीच जुळलं नसतं, ते म्हणजे कोपर. बाईंना कोपर मऊ हवं. सरांना डोक्यावर वजन गेलं की कोपर असं ताठ हवं की त्यावर कावळा बसला तरी हलू नये.

बावीस वर्षांची होते तेव्हाच्या उन्हाळ्यात बाईंनी माझा अंगठा धरला. त्याच्यावर चिकटपट्टी होती, पट्टीखाली घट्टा.

"हे काय आहे?"

"पकड, बाई. अंगठा बोटांच्या आत घालून दांडा धरायचा असतो."

"आणि या अंगठ्याने तू डिप्लोमाची सोनाटा वाजवणार? परीक्षक कानात बोटं घालतील." त्यांनी पियानोचं झाकण लावलं. "ऐक. माणगावला तुमची ती जिल्ह्याची स्पर्धा आहे ना? तिथून राज्याला निवड झाली, तर मी तुझ्या लोखंडाबद्दल पुन्हा तोंड उघडणार नाही. नाही झाली, तर लोखंड बंद. कायमचं. पियानो एके पियानो."

"कायमचं?"

"घाबरलीस?"

मी हात पुढे केला. बाविसाव्या वर्षी माणूस हात लवकर पुढे करतो. घरी येईपर्यंत मला कळलं होतं की बाईंच्या शब्दाला मागे वाट नसते. त्यांनी झाकण लावलं तर अलिबागपासून पेणपर्यंत मला दुसरा पियानो नव्हता. आणि लोखंड सोडायचं म्हणजे आमचं उरलेलं मिठागर विकण्यासारखं होतं.

मी अठ्ठावन्न किलोच्या गटात उतरायचे, म्हणजे अंगाचं वजन त्याच्या वर जाता कामा नये. आणि इथून संशय सुरू झाला.

शर्त लागली त्याच्या तिसऱ्या दिवशी पियानोवर वाटीभर कॅरमल कस्टर्ड होतं. चौदा वर्षांत बाईंनी मला शिकवणीला एक बिस्किट दिलं होतं, तेही मऊ पडलेलं. आणि आता कस्टर्ड! चौथ्या दिवशी मटणाचे कटलेट. सहाव्या दिवशी तुपातला शिरा, वर काजू.

"खा गं. वाळलीस अगदी."

मला जन्मात कुणी वाळलीस म्हटलेलं नव्हतं. शेजारपाजारच्या बायका मला दारातून आत येताना बघून दाराची चौकट सांभाळायच्या.

"बाई, मला वजन राखायचंय."

"शिरा तुझ्या आईनेच केलाय. तिला जाऊन सांग नको म्हणून."

आई स्वयंपाकघराच्या दारात उभी, हातात झारा. आता सांगा, मी काय करणार? खाल्लं. खाऊन झालं की बाई लगेच म्हणायच्या, "बस. फक्त डावा हात वाजव." मी खालचे स्वर वाजवायचे, त्या डोळे मिटून मान हलवायच्या, आणि डोळे न उघडताच विचारायच्या, "किती झालं वजन?"

संगीताच्या बाईंना माझं वजन कशाला हवं? उत्तर मला स्पष्ट दिसत होतं. मला फुगवायचं, माणगावला गटाबाहेर काढायचं आणि शर्त जिंकायची. सत्तरीची बाई, पांढरे केस, मोत्याच्या कुड्या, आणि पोटात केवढं हे!

दुसरीकडे सर. गिरणीतला जुना भाताचा काटा हाच आमचा वजनाचा काटा होता. सरांनी मला त्यावर उभं केलं.

"साडेएकोणसाठ. त्रेसष्टच्या गटात उतर."

"मी अठ्ठावन्नची आहे, सर."

"ते काट्याला सांग."

"काटा बरोबर आहे कशावरून?"

सर हसले. हसण्यासारखं काय होतं त्यात? व्यायामशाळेतून एका गटात एकच मुलगी पाठवायची असं ठरलेलं, आणि अठ्ठावन्नमध्ये दुसरी मुलगी होती ती सरांची सख्खी भाची. मी तिच्याहून पाच किलो जास्त उचलायचे. मी वर सरकले की भाचीचा रस्ता मोकळा. आता तुम्हीच सांगा, संशय घ्यायला माणसाला आणखी किती सामान लागतं?

मी इतर काटे करून बघितले. मासळीवालीच्या काट्यावर मी बासष्ट भरले, पण तो विकणाऱ्याचा काटा, तो जास्तच सांगणार. आबा मला वडखळजवळ ट्रकच्या वजनकाट्यावर घेऊन गेले. ट्रक एकदा माझ्यासकट वर चढवला, एकदा मला उतरवून. दोन्ही वेळा आकडा तोच. तो काटा पन्नासपन्नास किलोंनी मोजायचा, हे आम्हाला तिथल्या माणसाने नंतर सांगितलं. तोपर्यंत आबा मला वरपासून खालपर्यंत न्याहाळत होते.

"काटा सांगतो, तू केबिनीत न्हाईसच."

मग मीच डोकं चालवलं. काट्यावर अशी वस्तू ठेवायची, जिचं वजन कुणाच्या बापाला बदलता येणार नाही. पाणी! एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हे चौथीच्या मुलालाही माहीत. तेलाचा रिकामा पंधरा लिटरचा डबा घेतला. पंधरा किलो पाणी, डब्याचा वरचा एक, सोळा झाले पाहिजेत. झाले तर सर खरे. नाही झाले तर बघून घेते.

आई पाणी देईना. "दिवसाआड नळ येतोय, आणि पिण्याचं पाणी काट्यावर नाचवायला देऊ? देवानं अक्कल दिलीय का?"

आबांना म्हटलं, "आबा, डबाभर पाणी हवंय. सकाळी गिरणीत आणून ठेवाल?"

"ठेवतो गो. त्यात काय?"

कशासाठी ते त्यांनी विचारलं नाही. कुठलं ते मी विचारलं नाही. आबा पहाटे डबा गिरणीत ठेवून ट्रक घेऊन निघून गेले. सर यायच्या आत मी डबा काट्यावर चढवला.

अठरा!

माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही. काटा दोन किलो जास्त दाखवत होता! म्हणजे मी साडेएकोणसाठ नव्हेच, साडेसत्तावन्न! चार पिढ्यांनी कपाळावर हात मारला, पण काट्याची चोरी रंगेहात पकडली ती मी. मी पाणी मागच्या दाराने ओतून टाकलं, डबा लपवला आणि सरांना एक शब्द बोलले नाही. आपण पकडलंय हे चोराला कशाला सांगायचं?

त्यानंतर मी बाईंकडे निर्धास्त जेवले. त्यांनी कस्टर्ड ठेवलं की मी संपवायचे, वर वाटी पुसायचे. बाई खूश. मी मनात म्हणायचे, घाला बाई घाला, माझ्याकडे अजून अर्धा किलो शिल्लक आहे. शेवटच्या दिवशी गिरणीच्या काट्याने एकोणसाठ किलो नऊशे दाखवलं. मी दोन किलो वजा केले. सत्तावन्न नऊशे, शंभर ग्रॅम हातात. अठ्ठावन्नमध्येच उतरणार म्हणून सरांशी मोठ्याने भांडले. ते म्हणाले, "जा, मर. या वेळी एकीच्या जागी तुम्हा दोघींची नावं देतो. तिथला काटा काय ते सांगेल."

माणगावला आबांच्या ट्रकने गेलो. आणि बाई म्हणाल्या, मीही येणार. त्या केबिनमध्ये मध्यभागी बसल्या, मांडीवर पर्स, आणि गोवा हायवेच्या प्रत्येक खड्ड्याला तोंडाने ताल धरत होत्या. मला खात्री होती, त्या माझा पराभव पुढच्या रांगेतून बघायला चालल्या आहेत.

तिथे वजन घेणाऱ्या अधिकारी बाईंनी मला पडद्याआड काट्यावर उभं केलं.

"एकोणसाठ किलो नऊशे."

मी उतरले. परत चढले. श्वास सोडून उभी राहिले. एका पायावर उभी राहिले.

"अहो, एका पायावर उभं राहून अर्धं भरत नाही," त्या म्हणाल्या.

"तुमचा काटा तपासा!"

"आज सकाळीच तपासलाय. तुमच्याआधी पंधरा जणी यावर चढून उतरल्या, कुणी एवढं नाचलं नाही."

ग्रॅमला ग्रॅम तोच आकडा! म्हणजे गिरणीतला काटा साधूसंत होता. मी बाहेर धावले. बाई हॉलमध्ये पंख्याखाली बसल्या होत्या. आबा ट्रकच्या सावलीत बिडी ओढत होते.

"आबा, त्या दिवशी डब्यात पाणी कुठलं होतं?"

"कुठलं म्हंजे? आपलंच."

"आपलं म्हणजे नळाचं ना?"

"नळाचं तुझी आई देतेय व्हय? मधल्या वाफ्यातलं भरलं. चांगलं नितळ व्हतं."

मी ट्रकच्या चाकाला टेकून खालीच बसले. मधला वाफा! महिनाभर उन्हात आटत पडलेलं खाडीचं पाणी. ते जड होत जातं, म्हणून तर शेवटच्या वाफ्यात मीठ धरतं. आमच्या आळीतलं शेंबडं पोरही सांगेल की त्या पाण्याचा डबा साध्या पाण्याहून दोन किलो जास्त भरतो. तो आमचा धंदा आहे! आणि मी, मिठागरवाल्याची पोर, त्या पाण्याने काट्याचा प्रामाणिकपणा तपासत बसले होते.

"मला काय ठाव, तू काट्याची परीक्षा घेतेस म्हणून?" आबा म्हणाले. "तू बोललीस, डबाभर पाणी. पाणी ते पाणी."

अठ्ठावन्न गेलं. अधिकाऱ्यांच्या हातापाया पडून मी त्रेसष्टच्या गटात घुसले. तिथे एकच मुलगी होती, माणगावचीच, आणि तिचे दंड बघून मला ट्रकचा वजनकाटा आठवला. पहिली येईल तीच राज्याला जाणार. स्नॅचमध्ये, म्हणजे एका झटक्यात डोक्यावर न्यायच्या उचलीत, ती माझ्या दोन किलो पुढे. क्लीन अँड जर्कमध्ये, म्हणजे आधी खांद्यावर आणि मग डोक्यावर न्यायच्या प्रकारात, दोन उचली झाल्यावर गणित सरळ होतं: शेवटचे चौऱ्याऐंशी किलो डोक्यावर गेले तर मी, नाही तर ती.

खांद्यापर्यंत ते असे आले जणू मला ओळखत होते. मी पाय फाकवून खाली शिरले, दांडा वर गेला. गेला हो! हॉलमधली चिमणीही गप्प होती. तेवढ्यात उजवं कोपर बोटभर वाकलं आणि परत सरळ झालं. चौदा वर्षांची सवय. पट्टीवर उतरताना कोपर जसं सैल सुटतं तसंच ते सुटलं.

"कोपर!" सर किंचाळले.

पंचांचे दोन लाल दिवे, एक पांढरा. उचल बाद.

सगळा हॉल हळहळला. टाळी एकच वाजली. बाई उभ्या राहून टाळ्या वाजवत होत्या. "काय सुंदर कोपर! बघितलंत? काय सुंदर कोपर!"

सर वळून त्यांच्याकडे असे बघत राहिले की मला वाटलं, वीस किलोची प्लेट तिकडे जाते आता.

अठ्ठावन्नमध्ये भाची पहिली आली. ती राज्याला, मी घरी. सर जाताना एवढंच म्हणाले, "सोमवारी येऊ नकोस असं मी म्हणालेलो नाही. पण तुझी ती शर्त मला माहीत आहे." शर्तीचं मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. कुणी सांगितलं, याचा तपास अजून चालू आहे.

मी ट्रकपाशी आले. अंगठ्यावरची पट्टी सोडवत होते, कारण आता ती लागणार नव्हती. बाई आल्या. पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

"मला तुला काही सांगायचंय," त्या म्हणाल्या. "मी तुला मुद्दाम खायला घालत होते."

"मला माहीत आहे, बाई."

"तुला माहीत होतं?"

"मला गटाबाहेर काढायला."

बाईंचा चेहरा असा झाला की जणू मी पियानोवर पाय ठेवून उभी आहे. "गटाबाहेर? मी? अगं, गेल्या वर्षी तुला कावीळ झाली, तू पंचावन्नवर आलीस, तेव्हा तुझा खर्ज कसा पोकळ झाला होता! नुसतं टिनपाट. वजन वाढायला लागलं तसा डावा हात भरून आला. परीक्षा जवळ, मला वाटलं, साठपर्यंत नेते तुला. तुमच्या त्या गटांचं मला काय कळतंय? आज तुझ्या सरांची भाची शेजारी बसली होती, तिने समजावलं. ऐकून मला घाम फुटला." त्यांनी पर्स उघडली, बंद केली. "शर्त मी लावली आणि मीच तुझ्या पायात पाय घातला. असली शर्त मी पाळायला लावणार नाही. रद्द."

म्हणजे संशय खरा होता! फक्त कारण दुसरंच. आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला: बाईंच्या कस्टर्डने मी बाहेर गेलेच नव्हते. मी काट्याचं ऐकलं असतं तर वाटी बाजूला सारली असती, आईच्या झाऱ्यालाही न जुमानता. मला वाफ्यातल्या पाण्याने बुडवलं होतं, आणि माझ्या संशयाने. हे बाईंना कळलं, तर शर्त जागच्या जागी जिवंत होणार. बाई न्यायाच्या पक्क्या.

आबा बिडी विझवून पुढे आले. आबांना दुसऱ्याच्या डोक्यावर खोटा आळ आलेला सहन होत नाही. मिठाचा धंदा बुडायला तेच कारण.

"न्हाय न्हाय, बाई, तुमचा कसला दोष? त्याचं काय झालं, ते पाणी..."

माझ्या पायात वजन उचलायचे बूट होते, लाकडी टाचेचे. मी टाच आबांच्या पायावर ठेवली आणि बाईंनी चौदा वर्षं शिकवलं होतं तसं वजन सोडलं. ढकललं नाही.

"कसलं पाणी?" बाई म्हणाल्या.

"प्यायचं, बाई," मी म्हटलं. "आबांना तहान लागलीय."

आबांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, त्यामुळे ते खरं वाटलं असावं. बाईंनी पर्समधून बाटली काढून त्यांना दिली. पण आबा पाणी पीत असताना बाईंची नजर माझ्यावरून हलली नाही. आधी माझा चेहरा, मग माझी टाच, मग पुन्हा चेहरा. घरापर्यंतच्या रस्त्यात बाईंनी एकाही खड्ड्याला ताल धरला नाही.

सोमवारी सकाळी सहाला मी गिरणीत दांड्यासमोर उभी होते. त्रेसष्ट किलोच्या गटाची, डिप्लोमाचा अर्ज भरलेली, अंगठ्याला नवी पट्टी. संध्याकाळी बाईंकडे गेले तर त्यांनी झाकण उघडण्याआधी विचारलं, "तुझ्या वडिलांचा पाय कसा आहे?"

पायाचं त्यांना कुणी सांगितलं होतं?